धीर द्यावा लागतो

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या मंडळाची बैठक यंदा व्याख्यानाच्या विषयावर अडली. गणेशोत्सवात एक संध्याकाळ व्याख्यानाची, ही आमची जुनी रीत. काहींनी सुचवलं की यंदा एखादा प्रेरणादायी वक्ता बोलवावा, कारण गल्लीतली पोरं खचत चालली आहेत. निमित्त सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याच ओळीतला एक मुलगा पोलीस भरतीत तिसऱ्यांदा दोन गुणांनी राहिला आणि महिना झाला, तो खोलीबाहेर पडलेला नाही. "आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, बहात्तरचा दुष्काळ काढला, पण असे खचलो नाही," असं ज्येष्ठांकडून आलं. पंचविशी-तिशीतल्या मंडळींनी त्यावर आकडे ठेवले. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर. अशा ठिकाणी मनोबलाचं व्याख्यान म्हणजे जखमेवर मीठ, असं त्यांचं म्हणणं. दोन तास गेले, आवाज चढले, चहा दोनदा आला. तो मुलगा तिथून चार घरं पलीकडे दार लावून बसला होता. त्याच्याकडे कोणी गेलं होतं का, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

माझं मत आधी सांगून टाकतो. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडत होत्या, पण दोघींचा पाया एकच होता: धीर माणसाच्या आत असतो, हंड्यातल्या पाण्यासारखा. एकीचं म्हणणं, हंडा भरलेला आहे, ओतायला शीक. दुसरीचं म्हणणं, परिस्थितीने हंडाच फोडला, आता नवा मिळेपर्यंत काही होणे नाही. मला दोन्ही पटत नाही. धीर शिकावा लागतो, आणि कोणीतरी तो द्यावाही लागतो. त्यासाठी आपल्या हाताने बदलता येईल असं एखादं लहान काम हवं आणि ते करताना शेजारी टिकून राहणारं माणूस हवं. या दोन्हींची तजवीज न करता एखाद्याला 'खंबीर हो' म्हणणं अन्याय आहे. व्यवस्था बदलेपर्यंत तुझ्या हातात काही नाही असं त्याला सांगणं, हाही तेवढाच अन्याय.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. धीर सुटतो, धीर खचतो, माणूस धीर धरतो. पण त्याला कोणीतरी धीर देतं. शेजारच्या घरात काही वाईट घडलं की आई पदर खोचून निघायची, "जरा धीर देऊन येते." उमेद देतात, हिंमत देतात, आधार देतात. या प्रत्येक शब्दामागे दोन माणसं उभी आहेत. अलीकडे त्यांच्या जागी 'मोटिव्हेट हो', 'स्ट्राँग राहा' आलं आणि देणारं माणूस वाक्यातूनच गळालं. शब्द बदलला तशी जबाबदारीही सरकली, आणि ती सगळी खचलेल्याच्या खांद्यावर जाऊन बसली.

मी एका आयटीआयत एकतीस वर्षं फिटर ट्रेडचा निदेशक होतो. पहिल्या वर्षाची सुरुवात कानशीने, म्हणजे धातू घासायच्या खरखरीत हत्याराने, होते. माइल्ड स्टीलचा तुकडा वाइसमध्ये, म्हणजे बेंचावरच्या शिकंजात, आवळायचा आणि घासून त्याची बाजू सपाट करायची. ऐकायला सोपं वाटतं. मुलगा दीड तास घासतो, घाम गाळतो, मग ट्रायस्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून तुकडा खिडकीकडे धरतो. पातं आणि धातू यांच्यामध्ये, दोन्ही कडांना, उजेडाची रेघ दिसते. म्हणजे मध्ये फुगवटा राहिला. पुन्हा घासायचं, पुन्हा तीच रेघ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कितीतरी पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ही पेठ-हरसूलच्या पाड्यांवरून आलेली, घरी नांगर धरलेली मुलं, कष्टाला मागे हटणारी मुळीच नव्हेत. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांच्यावर ओरडायचो. "मनगटात जोर नाही का? लक्ष कुठे आहे?" त्या काळात एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. हात चांगला होता त्याचा. पुढे मी एका वयस्क सहकाऱ्याचं शिकवणं बघितलं. ते ओरडत नसत. तुकडा हातात घेऊन खडूने कोपऱ्यावर खूण करत आणि म्हणत, "इथे उतरलंय बघ. पुढे ढकलताना तुझा डावा हात खाली दाबतोय. आता दहा घासण्या फक्त त्या हाताकडे लक्ष दे." आणि दहा घासण्या होईपर्यंत तिथून हलत नसत. उजेडाची रेघ किंचित बारीक व्हायची. पोराचा चेहरा बदलायचा तो ती रेघ बघून.

मानसशास्त्रज्ञांना याच्या जवळपास पोचायला पन्नास वर्षं लागली. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेचे झटके काही केल्या थांबवता आले नव्हते, ती कुत्री पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही पडून राहिली. हताशा शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर पाठ्यपुस्तकांत गेला. २०१६ साली त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे जाहीर केलं की आपण मूळ गोष्ट उलटी समजलो होतो. फार वेळ मार बसत राहिला की निपचित पडणं ही उपजत प्रतिक्रिया आहे, ती कोणी शिकत नाही. शिकावी लागते ती 'मी केल्याने काही बदलतं' ही जाणीव. त्या जुन्या प्रयोगांत पडून राहिलेल्या कुत्र्यांना पुन्हा उभं करायला त्यांना पट्टा धरून अडथळ्यापलीकडे ओढत न्यावं लागलं, तेही एकदा नव्हे, ती आपण होऊन निघेपर्यंत. प्रयोग क्रूर होते. तरी त्यांतून निघालेली गोष्ट आमच्या बैठकीत कोणीतरी वाचून दाखवायला हवी होती. महिनाभर खोलीत पडून असलेल्या मुलाला नाजूक म्हणताना आपण त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. त्याला प्रत्यक्षात झालेलं असतं ते कोणत्याही जिवाला होतं ते.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. अडचण आल्याशिवाय माणूस तयार होत नाही. दप्तर आई उचलते, शाळेतलं भांडण बाबा मिटवतात, कमी गुण पडले तर क्लास बदलला जातो. अशा घरातला मुलगा विशीत पहिल्यांदा पडतो तेव्हा त्याला उठायचं कसं हेच माहीत नसतं. मी अशी पोरं पाहिली आहेत आणि त्यांच्या पालकांशी वाद घातले आहेत. व्याख्यानांनाही मी सरसकट नावं ठेवणार नाही. शालिमारच्या कालिदास कलामंदिरात एक भाषण ऐकून माझ्या एका विद्यार्थ्याने राहिलेले दोन विषय पुन्हा दिले, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. प्रश्न त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. टाळ्या थांबल्यावर मुलगा घरी येतो, तेव्हा तिथे कोण असतं?

बहात्तरच्या दुष्काळाचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. लोकांनी तो काढला हे खरंच. बाया-बाप्यांनी उन्हात खडी फोडली, तलावांची माती वाहिली. पण ती कामं सरकारने काढलेली होती. कामावर सुकडी हा पौष्टिक पिठाचा खाऊ मिळायचा, रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी यायची. गावात एकाच्या विहिरीला पाणी असलं तर ते सगळी आळी भरायची. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा त्याच दुष्काळात राज्यभर विस्तार झाला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला: जो काम मागेल त्याला काम. त्या पिढीच्या चिवटपणाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण तो चिवटपणा एकेकट्याचा नव्हता. हातांना काम होतं, शेजारी माणसं होती आणि संध्याकाळी मजुरीचा हिशेब होता. बंद खोलीतल्या मुलाकडे यातलं काय आहे? मग त्याच्या तुलनेला बहात्तर साल आणायचं कसं?

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा घरांत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे चांगली, भक्कम माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं आढळलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीतरी एक जण त्यांना धरून होतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जात. प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या गावातला हा मुलगा २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवत तेराव्या क्रमांकावर आला. प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ही गोष्ट असते आणि असायलाही हवी. पण ती सांगताना मधला तुकडा गाळला जातो. ते २०१२ साली लष्करात गेले. तिथे त्यांना नाव मिळाली, पाणी मिळालं, प्रशिक्षक मिळाले, वेळेवर जेवण मिळालं, पहाटे उठवणारी शिस्त मिळाली. यामुळे त्यांच्या कष्टाचं मोल तसूभरही कमी होत नाही. तशाच ताकदीच्या खांद्यांची किती पोरं आजही विहिरीच्या तळाशी आहेत, एवढा प्रश्न मात्र ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात उरायला हवा.

एवढं बोलल्यावर तरुण मंडळींना वाटेल, मी त्यांच्या बाजूचा झालो. बराचसा आहेच. सतरा लाखांतून सतरा हजार निवडले जाणार असतील तर उरलेल्या सगळ्यांचं मन कमकुवत होतं असं म्हणणारा गणितातच चुकतो. तरी त्यांचं सगळं मला मान्य नाही, आणि का नाही ते द्राक्षाच्या बागेत उभं राहून सांगणं मला सोपं जातं. माझा चुलतभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तडकलेल्या मण्यांचा आंबूस वास बांधापासून येत होता आणि तो कात्रीने घड कापून खाली टाकत होता, कारण सडका घड वेलीवर ठेवून चालत नाही. वर्षाचा पैसा मातीत. आणि द्राक्षाचं गणित असं निर्दय की महिन्याभरात एप्रिलची खरड छाटणी येते. त्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीत, डोळ्याला न दिसणारा, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. छाटणी चुकली, पाणी-खत चुकलं, की पुढचं वर्षही गेलं. म्हणजे खिसा पूर्ण रिकामा असताना, मन सगळ्यात खचलेलं असताना, माणसाने सगळ्यात नेमकं काम करायचं असतं. त्या महिन्यात त्याला 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्याचा मला राग येतो. त्याला उधारीवर औषधं देणारा दुकानदार हवा होता, कर्जाचं पुनर्गठन हवं होतं, छाटणीला चार हात हवे होते. हे सगळं मिळालं असं नाही. काही मिळालं, काही मिळालं नाही.

पण पहाटे उठून बागेत त्यालाच जावं लागलं. भरपाई यायला महिने लागतात आणि काडी तेवढं थांबत नाही. व्यवस्थेवरची टीका शंभर टक्के बरोबर असली तरी तिच्या निकालाची वाट बघत वेल सोडून देता येत नाही. म्हणून 'वैयक्तिक प्रयत्न हे ढोंग आहे' हे वाक्य मला जाचतं. तो माझ्या भावाच्या त्या पहाटेचा अपमान आहे. गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभं आहे. शाळा सुटलेल्या, बारावी न झालेल्या किती जणांना त्याने पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीपर्यंत जायची वाट करून दिली. वाट व्यवस्थेने केली. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आठवडाभर पाळ्या करून रविवारी वही घेऊन अभ्यासकेंद्रावर गेली ती माणसं. यातलं एक वगळून दुसऱ्याचा अर्थ कसा लावणार?

'हार मानू नका' या उपदेशाबद्दलही एकदा नीट बोललं पाहिजे. या शहरात त्याचं उत्तर पंचवटीत आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नाशकात दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालवला. मंदिराचे दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले, माणसं तुरुंगात गेली. एक तुकडी उठली की दुसरी बसली, त्यांत स्त्रियाही होत्या. वर्षानुवर्षं हे चाललं आणि देऊळ उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह पुढे चालवू नये असा सल्ला दिला. आपल्या माणसांची शक्ती आता शिक्षणावर आणि राजकारणावर लागावी, असं त्यांचं मत झालं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. याला माघार म्हणायची कोणाची हिंमत आहे? जे दार उघडत नाही ते किती काळ ठोठवायचं आणि कधी वळायचं, हे ठरवायलाही तेवढंच बळ लागतं. आणि तो निर्णय घेणारे एकटे नव्हते. त्यांच्या मागे पाच वर्षं एकत्र बसलेली, एकत्र मार खाल्लेली माणसं होती. तिसऱ्या प्रयत्नात राहिलेल्या मुलाला चौथा प्रयत्न कर म्हणणं सोपं आहे. दुसरी वाट धरलीस तरी तू हरलेला नाहीस, हे त्याला कोण सांगणार?

गोदाकाठच्या व्यापाऱ्यांकडून मी एक गोष्ट घेतली आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की सगळ्या शहराचं लक्ष गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे असतं. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्या खुणेवर सराफ बाजार, भांडी बाजार माल हलवतात. १९६९, २००८, २०१६, २०१९ असे मोठे पूर या बाजाराने पाहिले आणि चिखल उपसून दुकानं पुन्हा उघडली. छाती पुढे काढून पुराला अडवायला तिथे कोणी जात नाही. खूण ओळखायची, वेळेवर हाक मारायची, शेजाऱ्याच्या शटरपाशी आलेलं पाणी त्याच्याआधी आपल्याला दिसलं तर त्याला उठवायचं. माणसालाही अशा खुणा असतात. झोप तुटणं, फोन न उचलणं, आवडीचं जेवण ताटात राहणं, रोज मैदानावर पळणाऱ्या पोराचे बूट आठवडाभर दाराशी जागचे न हलणं. आमच्या ओळीतल्या त्या मुलाचे बूट आम्ही येता-जाता बघत होतो.

आणि हे काम एका भाषणात होत नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी मोजल्या तेव्हा साधारण ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. बाविसाव्या दिवशी 'मला जमलं नाही' म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या पोरांना हे कळायला हवं. कानस सरळ चालायला माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही तीन-तीन महिने लागत.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. मी भरतीचं नाव काढलं नाही. गॅलरीच्या दाराची बिजागरी बदलायची आहे, दार धरायला एक माणूस हवं, एवढंच आत ऐकू जाईल असं सांगितलं. त्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, न बोलता दार धरलं, मग म्हणाला, "काका, खालचा स्क्रू आधी लावा, भार तिथे येतोय." बरोबर होतं त्याचं. मी काही डॉक्टर नाही, आणि ज्याची झोप-भूक गेली आहे, जिवाचं बरंवाईट करायचे विचार ज्याच्या मनात येतात, त्याला शेजाऱ्याची बिजागरी पुरणार नाही. त्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि त्याच्यासोबत जावं लागतं. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. बैठकीला आलेल्या तिसेक माणसांपैकी दोघांनाच तो क्रमांक माहीत होता.

मंडळाला मी लेखी दिलं आहे. वक्ता जरूर बोलवा, माझी ना नाही. पण जेवढं मानधन त्याला द्याल तेवढीच रक्कम समाजमंदिराची मागची खोली वर्षभर संध्याकाळी उघडी ठेवायला बाजूला काढा. भिंतीवर १४४१६ मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. अभ्यासाला टेबलं, हातकामाला एक बेंच, आणि रोज आमच्यापैकी कोणीतरी एक जण तिथे बसायचा. उपदेश करायचा नाही, फक्त असायचं. सोमवार आणि गुरुवार मी माझ्या नावावर लिहिले आहेत, बाकीचे वार रिकामे आहेत. घरातले दोन वाइस मी देतोय. बेंचासाठी जाड फळ्या हव्या आहेत. कोणाकडे जुन्या पडून असतील तर सांगा, मी टेम्पो घेऊन येतो.